शिवेवरचा धूर

सुपडूच्या आईची तीन पोरं पाळण्यातच गेली होती. म्हणून चौथं झालं तेव्हा तिने त्याला सुपात घातलं, अंगणभर ओढलं आणि शेजारणीला सांगितलं, हे टाकाऊ आहे, घेऊन जा. शेजारणीने ठरल्याप्रमाणे नेलं आणि ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी परत आणून दिलं. मरणाला असं बनवायची खानदेशात जुनी रीत आहे. धरणगावच्या आठवडी बाजारात उभं राहून कुणी 'सुपडू' म्हणून हाक मारली, तर दहाजण तरी मागे वळून बघतील. या सुपडूच्या बाबतीत मरण फसलं खरं, पण ते विसरलं नाही.

एकोणीसशे सतरा साली तो पंचेचाळिशीचा होता आणि साठीचा दिसत होता. गाव निंबखेडं, धरणगावपासून दोन कोसांवर. घरात तो आणि त्याची बायको भिकुबाई. बोलायचं म्हणजे भाकर झाली का आणि बैल बांधले का, एवढंच. त्यापलीकडे बोलायला दोघांनाही थकवा यायचा.

हा थकवा नऊ वर्षांपूर्वीचा. त्या हिवाळ्यात गावात उंदीर पडले. घराघरात उंदीर झिंगल्यासारखे फिरायचे आणि चुलीपुढे येऊन मरायचे. याचा अर्थ प्लेग, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. अख्खं गाव घरांना कुलपं लावून माळावर झोपड्यांत गेलं. घाईघाईत भिकुबाईचे देव घरातच राहिले. चौथ्या दिवशी तिला राहवेना. देव अंधारात बसलेत म्हणून ती एकटी गावात गेली, देवीचा चांदीचा टाक पदरात बांधून घेऊन आली. त्यानंतर आठवडा गेला नाही, तोच तिच्या दोन्ही मुलांच्या जांघेत गाठी आल्या. थोरला सहा वर्षांचा, धाकटा चार. एका दिवसाआड दोघेही गेले.

बायका म्हणाल्या, हिने देवासंगे मरी आणली. तोंडावर कुणी फारसं बोललं नाही, पण झोपड्यांना भिंती कसल्या? भिकुबाईने सगळं ऐकलं आणि मान्यही करून टाकलं. त्या दिवसापासून तिने कुठल्याच लेकराला हात लावला नाही. शेजारचं पोर अंगणात पडलं, तर ती ओट्यावरून दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायची. तिची स्वतःची मंदा तेव्हा आठ वर्षांची होती. मंदाची वेणीसुद्धा पुढे लग्न होईपर्यंत शेजारच्या कुंदाबाईंनी घातली. मंदा आईपुढे फणी घेऊन बसायची, भिकुबाई उठून परसात जायची. सुपडू हे बघायचा आणि बैलांकडे निघून जायचा. त्याला काय बोलावं ते सुचायचं नाही, आणि खरं सांगायचं तर आतून त्यालाही वाटायचं की देव आणायला ती गेली नसती तर बरं झालं असतं.

आता मंदा सतरा वर्षांची होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. चोपड्याला तिच्या सासरी बाईमाणूस कुणी नव्हतं.

"मना हातले गुन नही," भिकुबाई म्हणाली. "तिले तिकडेच ऱ्हाऊ द्या."

"तिकडे कोन शे तिनं?"

"आठे तरी कोन शे?" असं म्हणून तिने चुलीत काटकी सारली. सुपडूला राग आला, पण तो राग बाहेर काढण्याइतकीही त्याच्या अंगात धमक उरली नव्हती.

याच दिवसांत धरणगावच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनात मुंबईचे एक डॉक्टर येऊन उतरले होते. रुईच्या गाठी जिथे रचायच्या तिथे त्यांनी टेबलं मांडली, काचा मांडल्या, बारीक ते मोठं दाखवणारी एक पितळी दुर्बीण मांडली. त्यांना उंदीर हवे होते. घरातले नकोत, माळावरचे. निंबखेड्याच्या माळावर मुरमाड जमिनीत बिळं करून राहणारा एक उंदीर असतो. अंगाने वाळूच्या रंगाचा, शेपटी अंगापेक्षा लांब आणि टोकाला काळ्या केसांचा झुपका. मागचे पाय लांब असल्यामुळे तो पळत नाही, उड्या मारतो. सुपडू त्याला हरण्या म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, याचे भाऊबंद पार मारवाडच्या वाळवंटात राहतात. पाण्यावाचून महिनोन् महिने जगतात. गावातले उंदीर प्लेगने मरून जातात, मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत प्लेग दडून कुठे बसतो, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांचा संशय या हरण्यावर होता.

हरण्याची बिळं सुपडूइतकी कुणाला ठाऊक नव्हती. सुगीनंतर तो बिळं खणायचा. हरण्या हावरट, ज्वारीची कणसंच्या कणसं बिळात नेऊन रचून ठेवतो. एका बिळात दोन-दोन पायली दाणा निघतो. गोरगरीब लोक तो काढून आणतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. डॉक्टरांचा मदतनीस बन्सीलाल धरणगावचाच होता. त्याने सुपडूचं नाव सुचवलं आणि सुपडू कामाला लागला.

काम सोपं होतं. संध्याकाळी बिळांच्या तोंडाशी तारेचे पिंजरे लावायचे. सकाळी प्रत्येक पिंजरा कापडी पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि कुठल्या बिळाचा ती चिठ्ठी लावून जिनात पोचवायचा. तिथे डॉक्टर हरण्याला औषध हुंगवून झोपवत आणि पांढऱ्या थाळीवर धरून बारीक फणीने विंचरत. मग बन्सीलाल वहीत लिही. सुपडू दाराशी बसून बघायचा. उंदराची वेणीफणी करायला एक शिकलेला माणूस मुंबईहून इतक्या लांब येतो, याचं त्याला पहिले आठ दिवस हसू आलं. नंतर मंदाची फणी आठवली आणि हसू गेलं.

दोन महिने झाले. दोनशेच्या वर हरणे विंचरून झाले. डॉक्टरांचा चेहरा रोज जरा जास्त ओढलेला दिसायचा. एकाही हरण्याच्या अंगावर पिसू सापडत नव्हती. बन्सीलाल वहीत शून्य, शून्य, शून्य लिहून कंटाळला होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, हा प्राणी स्वच्छ आहे असंच कळवून टाकू. लोकांनी माळावर झोपड्या बांधायला हरकत नाही. पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते सुपडूबरोबर माळावर आले.

सुपडूने त्यांच्यादेखत सात पिंजरे उचलले. दोघे चालत गावाच्या शिवेवर आले. तिथे निंबाच्या झाडाखाली सुपडू थांबला. झाडाच्या बुंध्याशी ठेवलेलं खापर त्याने पुढे ओढलं, त्यात गोवरी पेटवली, वर निंबाचा ओला पाला घातला. दाट कडू धूर उठला. मग त्याने एकेक पिंजरा त्या धुरावर धरला, पुन्हा पुन्हा फिरवला, खाली-वर हलवला, आणि मगच पिशवीत घातला.

डॉक्टर बघत राहिले. "हे काय करतोस?"

"शीव शे ना, साहेब. आजारनी वस्तू शीव वलांडाना आगोदर धुरी देनी पडस."

"रोज देतोस?"

"रोज."

"सगळ्या पिंजऱ्यांना?"

"बठ्ठासले. एक बी सोडा नही," सुपडू जरा अभिमानाने म्हणाला. कामात कसूर केल्याचा ठपका त्याला नको होता.

डॉक्टर शिवेच्या दगडावर मटकन बसले. त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. सुपडूला वाटलं, यांना चक्कर आली. पाणी देऊ का विचारलं, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग ते म्हणाले, "आधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इचारं नही."

खरंच विचारलं नव्हतं. आणि सुपडूच्या जागी गावातला दुसरा कुणी असता तरी त्याने हेच केलं असतं आणि हे सांगितलंही नसतं. पायातलं पायताण काढून देवळात गेलो, असं कुणी सांगतं का? डॉक्टर रागावले नाहीत. एवढे दमले होते की रागावायचंही त्यांनी पुढे ढकललं असावं.

दुसऱ्या दिवशी पिंजरे धुरावाचून आले. पहिल्याच हरण्याला फणी लागली आणि पांढऱ्या थाळीवर काळे-तांबूस ठिपके पडले. ते ठिपके उड्या मारत होते. बन्सीलाल मोजत होता. एकाच हरण्यावर अकरा निघाल्या. दुसऱ्यावर सोळा. डॉक्टरांनी त्यांतली एक काचेखाली धरली आणि सुपडूला दुर्बिणीतून बघायला लावलं. केसाळ पायांचं एक चपटं भूत त्याला दिसलं.

"उंदीर प्लेगने मेला की ही त्याला सोडते," डॉक्टर म्हणाले. "मग माणूस शोधते. फार लांब उडी मारता येत नाही तिला, पण कपड्यात, पोत्यात, कांबळ्यात बसून कोसभर जाते. तुझ्या धुराने ती पडते, हे मात्र मला तू शिकवलंस."

सुपडूने हे ऐकलं आणि त्याचा हात खांद्यावरच्या घोंगडीवर गेला. त्या वर्षी, झोपडीत असताना, घरातला दाणा कुलपात अडकला होता. पोरं भुकेली होती. त्याने माळावरची बिळं खणली. आत दोन हरणे मरून पडलेले होते. ते त्याने काठीने बाजूला सारले आणि कणसं घोंगडीत बांधून आणली. धुरी दिली नाही. झोपड्या शिवेच्या आतच माळावर होत्या, शीव ओलांडायचीच नव्हती. शिवाय दाण्याला धुराचा वास लागला असता तर पोरांनी खाल्ला नसता. कणसं ओतून झाल्यावर त्याने तीच घोंगडी पोरांखाली अंथरली. थंडी होती. हीच घोंगडी.

चार दिवस तो पिंजरे दाराशीच ठेवून परत जायचा. पाचव्या दिवशी बन्सीलाल बाहेर गेला असताना त्याने विचारलं, "साहेब, एखादानी बिळनी कणसं घोंगडीमा बांधीसन आनी, आनि पोरं त्याच घोंगडीवर झोपनात, तर?" आणि मग जणू सहजच आठवल्यासारखं, "आनि त्याच घरनी बाई गावमाईन देवना टाक लयनी, तर? कशामुये व्हई?"

डॉक्टरांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. एखादा म्हणजे कोण, हे त्यांना कळलं असावं. ते खोटं बोलणारे नव्हते.

"घोंगडीतून होण्याचा संभव जास्त," ते हळू म्हणाले. "पण खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. ती बाईसुद्धा उंदीर पडलेल्या घरात जाऊन आलेली असते."

सुपडू दोन कोस चालत घरी आला. पाय उचलत नव्हते, वाट त्याला इतकी लांब कधीच वाटली नव्हती. घरी मंदा येऊन पोचलेली होती आणि अवघडलेल्या अंगाने ओट्यावर बसलेली होती.

महिन्याभरात तिला मुलगा झाला. सुईण तेव्हा होती, नंतर कुंदाबाई होत्या. भिकुबाई पाणी तापवायची, धुणं धुवायची, खोलीच्या उंबऱ्याबाहेरून जेवणाचं ताट आत सरकवायची. आठव्या दिवशी मंदा आतून नुसती रडत होती. पोरही रडत होतं. कुंदाबाई शेतावर गेल्या होत्या. भिकुबाई उंबऱ्याशी उभी होती आणि तिचे दोन्ही हात पाठीमागे होते. सुपडूने हे बघितलं. बैलांकडे जायला वळलेला तो परत फिरला.

"तू देव लयनी त्यामुये पोरं गयात नही," तो म्हणाला. "मनी घोंगडीमुये गयात. बिळनी कणसं बांधी आनी व्हतीत मी. डाक्टरनी सांगं."

भिकुबाईने त्याच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत तिने त्याच्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं.

"पक्कं?"

डॉक्टरांची दोन वाक्यं होती. सुपडूने पहिलं तेवढं ठेवलं.

"पक्कं," तो म्हणाला.

तिने उंबरा ओलांडला, खाली वाकली आणि पोराला उचललं. पोर लगेच गप्प झालं असं नाही. ते बराच वेळ रडत राहिलं आणि ती त्याला छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली. सुपडू अंगणात गेला.

त्यानंतर भिकुबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली. आधी दोन वाक्यं व्हायची, तीही गेली. भाकर पुढ्यात यायची, हातात नाही. याची त्याला तक्रार नव्हती. डॉक्टरांनी नवा अहवाल लिहिला, माळावर झोपड्या घालू नका असं गावोगाव कळवलं आणि सामान आवरून दोंडाईच्याकडे दुसऱ्या माळांवर गेले. सुपडूने घोंगडी शिवेवरच्या खापरात जाळली. ती जळायला अर्धा दिवस लागला. घरात मात्र तो नातवाच्या जवळ फिरकत नव्हता. पोर ओट्यावर असलं की तो हात काखेत घालून लांबच्या खांबाशी बसायचा. एक दिवस मंदाने पोर त्याच्याकडे केलं, तर तो उठून गोठ्यात गेला.

मंदाला सासरी न्यायला माणूस यायचा होता, त्या सकाळची गोष्ट. भिकुबाई शिदोरीच्या भाकरी थापत होती, मंदा अंघोळीला गेली होती. सात महिन्यांचं पोर चुलीजवळच्या फडक्यावरून सरकत निखाऱ्यांकडे निघालं. सुपडू खांबाशी बसून होता. त्याच्या लक्षात आलं, पण हात काखेतून निघेनात.

"धरा त्याले," भिकुबाई म्हणाली.

तो हलला नाही. तिने मान वर केली. त्याच्या काखेत गेलेल्या हातांकडे पाहिलं, आणि ते हात तिला नीट ओळखीचे वाटले असावेत.

"धरा म्हंतस ना," ती पुन्हा म्हणाली, आणि या खेपेला तिचा आवाज फाटला. "मना हात पीठमा शेतस."

सुपडू उठला. त्याने हात आधी धोतराला पुसले, मग पोराला उचललं. ते अपेक्षेपेक्षा जड होतं. भिकुबाईने पुढची भाकर तव्यावर टाकली आणि विचारलं, बैल बांधले का.