जळालेल्या मोटारीचा परिच्छेद
दुरुस्त होऊन आलेल्या पंख्याला वार्निशचा वास आला आणि धारूरचे मोटार वाइंडिंगवाले चाचा आठवले. ते दुरुस्तीचा ब्लॉग लिहीत आणि एका मोठ्या दैनिकाला त्यातला एक लेख आपल्या संकेतस्थळावर घ्यायचा होता. माझ्यासमोरच फोनच्या स्पीकरवर संपादक म्हणाले, “लेख उत्तम. फक्त तुमच्या हातून गिऱ्हाइकाच्या पंपाची मोटार जळाली, तो परिच्छेद काढू. वाचकांचा विश्वास उडतो.” चाचा तांब्याची तार गुंडाळतच म्हणाले, “साहेब, तेवढंच तर लई कामाचं हाय. ते काढलं की लोकबी मोटारी जाळतील. मग छापूच नका.” “चाचा, एवढी संधी!” मी कुजबुजलो. “गप बसा की, वेढे चुकतेत.” आठवड्याने लेख जसाच्या तसा झळकला. मी इतकी वर्षं सदर लिहितो. माझ्या हातून काही जळाल्याचं त्यात अजून कुठेच आलेलं नाही.