शिजलेल्या माशाची लांबी

बंदरावर त्याला सगळे ‘फूटपट्टी’ म्हणायचे. मत्स्य कार्यालयात त्याचं काम एवढंच, की लहान मासे धरायचे, मोजायचे, पाठीत नंबराचा पिवळा बिल्ला टोचायचा आणि पुन्हा समुद्रात सोडायचे. पुढे कुणाच्या जाळ्यात तो मासा सापडला की परत मोजायचा. म्हणजे मासा किती भराभर वाढतो आणि किती काढले तर पुढेही उरतील, याचा अंदाज लागतो.

"हातातला मासा सोडतो, वर पगारही घेतो!" होडीवाले खिदळायचे.

बिल्ले मात्र परत येईनात. साहेबांचं तोंड दिवसेंदिवस आंबट होत चाललं होतं.

एका रविवारी तो ताईकडे जेवायला गेला. हात धुताना बेसिनच्या कडेला पाहतो तर पिवळा बिल्ला!

"ताई, हे कुठून आलं?"

"माशाच्या पाठीत रुतलं होतं मेलं. कात्रीने कापून काढलं. बस, वाढते."

"मासा कुठाय?"

"कुठाय म्हणजे? पातेल्यात!"

त्याने तुकड्या एकेक करून परातीत काढल्या आणि डोक्यापासून ओळीने जुळवल्या. भावोजी रिकामं ताट धरून ताटकळले. मासा जुळला, पण शेपटीच नव्हती.

"ती शेजारच्या काकांना दिली," ताई म्हणाली.

तो पट्टी घेऊन धावला. काकांनी निम्म्या तुकडीवर हात मारला होता, पण काटा शाबूत होता.

"मोज बाबा," काका म्हणाले, "पण लवकर. निवतंय."

सोमवारी साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, शिजल्यावर मासा आक्रसतो!"

किती आक्रसतो, ते मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग कार्यालयात शेगडी आली, पाठोपाठ ताई आली. मासे मोजून तिच्या हवाली करायचे, तिने कापून शिजवायचे, पुन्हा जुळवून मोजायचे. साहेब सारखे डोकावायला लागले, तसं ताईने त्यांना फडक्याने हाकललं. "झाकण उघडू नका हो, लांबी काही पळून जात नाही!"

ही बातमी बंदरभर झाली. होडीवाले पोट धरधरून हसले आणि हसता हसता आपापली घरं धुंडाळू लागले. कुणाच्या किल्ल्यांना बिल्ला अडकवलेला निघाला, कुणाच्या पोरीच्या बाहुलीच्या गळ्यात. पुढे तर बिल्ल्यासकट अख्खे मासेच येऊ लागले.

त्यातून कळलं, की हा मासा वाटलं होतं त्याहून सावकाश वाढतो. लहान मासे निसटून वाढावेत म्हणून जाळ्यांची भोकं रुंद करायचं ठरलं. होडीवाल्यांनी कुरकुर केली, पण दोनेक हंगामांत चांगले दांडगे मासे हाती लागले तशी ती थांबली.

ताईची कुरकुर तेवढी चालूच आहे. "एवढं धूड आणलंस, आता साफ कोण करणार?"