शिंप्याचं घरटं आणि फोरमनचा राग

फोरमन चिडले की कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाचा लेथ बंद पडायचा, असं त्यांच्या हाताखालची माणसं सांगायची. त्यात थोडं तिखटमीठ असेल, पण आवाज खरोखरच तसा होता. उभा जन्म यंत्रांच्या घरघरीवरून ओरडण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावरही गल्लीत त्यांना सगळे फोरमनच म्हणायचे, आणि बायकोचं डोकं फिरलं की तीही ‘अहो फोरमन’ अशीच हाक मारायची.

अशा माणसाच्या हातात काचेचे बारीक मणी आले ते एका अपघातामुळे. नोकरीच्या शेवटच्या वर्षात डाव्या हाताची दोन बोटं यंत्रात सापडली. ऑपरेशनने ती वाचली, पण आखडून बसली. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी मण्यांची एक वाटी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, “रोज एकेक मणी उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा.”

“मी काय बालवाडीत आहे का?” फोरमन गरजले.

“बालवाडीतली मुलं एवढी कुरकुर करत नाहीत,” बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी शिव्या घालत मणी उचलायला सुरुवात केली. पण चारच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की सगळे मणी सारखे नाहीत. कुणाचं भोक वाकडं, कुणाची कड जाड. जन्मभर एक सूत इकडचं तिकडे खपवून न घेतलेला माणूस तो. त्याला हे कसं बघवणार? त्यांनी मणी निवडून वेगळे केले. मग निवडलेले मणी नुसते पडून का राहावेत म्हणून ओवले. मग ग्राफपेपरवर चौकोन रंगवून नमुने काढायला लागले. मागच्या दारी, भिंतीला टेकून, मांडीवर ताट आणि ताटात मखमलीचा तुकडा, म्हणजे मणी घरंगळू नयेत, असा त्यांचा कारखाना थाटला गेला.

सुई ओवताना श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. तासन्‌तास हलायचं नाही, बोलायचं नाही. त्यामुळे झालं असं की परसातली पाखरं त्यांना भिंतीचाच भाग समजायला लागली. आधी चिमण्या पायाशी आल्या. मग बुलबुलाची जोडी पाण्याच्या पसरट कुंडीत डुंबायला लागली. दयाळ कपडे वाळत घालायच्या तारेवर बसून शेपूट वरखाली करायचा. फोरमन हातातलं काम थांबवून बघत राहायचे, आणि मग बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल ठिपका नेमका कुठल्या लाल मण्यांनी जमेल यावर अख्खी दुपार घालवायचे.

“चाळीस माणसांना धाकात ठेवणारा बाप्या आता चिमणीला घाबरून शिंकसुद्धा दाबतोय,” बायको शेजारणीला सांगायची. सांगताना हसायची, पण घरातली ही नवी शांतता तिला मनापासून आवडली होती.

त्या वर्षी अंजिराच्या झाडात शिंपी पक्ष्याने घरटं केलं. अंगठ्याएवढा जीव, विटकरी टोपी, उभी शेपटी. मादीने अंजिराचं रुंद पान गुंडाळून कडांना चोचीने भोकं पाडली आणि कापसाचे तंतू ओढून ते शिवून टाकलं. फोरमन ते बघून खुळावलेच. “अगं, टाका बघ! आतून ओढते आणि बाहेर गाठीसारखं फुलवून ठेवते. म्हणजे निसटत नाही.” तोंडातून निघालेलं ‘बघ’सुद्धा कुजबुजत.

पुढे पिल्लं झाली. वरून आणखी एक पान आडवं आलेलं, त्यामुळे आत किती आहेत ते दिसत नव्हतं. फोरमननी कधी पान बाजूला करून पाहिलं नाही. नर-मादी अळ्या घेऊन येत-जात, आणि आतून बारीकशी किचकिच ऐकू येई, तेवढं त्यांना पुरे होतं.

त्याच सुमारास बायकोच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, आणि दोघांना परगावी जावं लागलं. झाडांना आणि पाखरांना पाणी घालायला म्हणून किल्ली लेकीकडे दिली. लेक इथेच, फोरमनच्याच गावात राहायची. जावयाला फोटो काढायचा नाद होता. हातभर लांब भिंगाचा कॅमेरा, आणि तसेच कॅमेरे बाळगणाऱ्या मित्रांचं एक मंडळ. फोरमननी जाताना त्याला मुद्दाम सांगितलं, “घरट्याच्या जवळ जाऊ नका हं.”

“छे हो, बाबा,” जावई म्हणाला.

सकाळी परत आले तेव्हा चपला न काढताच फोरमन मागच्या दारी गेले. बायको बॅग ठेवते न ठेवते तोच तिला तो आवाज ऐकू आला. कितीतरी दिवसांत न ऐकलेला, कारखान्यातला.

आडवं आलेलं पान देठासकट कापलेलं होतं. आजूबाजूच्या दोन डहाळ्याही तोडून भिंतीशी फेकल्या होत्या. घरट्याची फांदी एका बाजूला ओढून खिडकीच्या गजाला बांधली होती, म्हणजे उजेड सरळ आत पडावा. त्या उजेडाबरोबर आदला अख्खा दिवस ऊनही आत पडलं होतं. आत तीन पिल्लं होती. वाळलेली, मुंग्या लागलेली. आणि मादी चोचीत अळी धरून भिंतीवर इकडून तिकडे नाचत होती, ओरडत होती.

फांदी बांधली होती ती फोरमनच्याच मण्यांच्या दोऱ्याने. राखाडी, चिवट, नायलॉनचा.

त्यांनी फोन केला. जावयाला त्यांनी लग्नापासून कधी अरेतुरे केलं नव्हतं. आज तोंडातून पहिला शब्द निघाला तो “तू”.

“तू माझ्या घरात शिरून काय केलंस? पिल्लं मेली सगळी!”

“बाबा, आधी ऐकून तर घ्या. फांदी परत सोडायची होती, गडबडीत राहून गेली...”

“गडबडीत! तिघं-चौघं आला होतात ना? मागचं अंगण तुडवलंय सगळं. त्यात एकालाही आठवण झाली नाही?”

“दोन पिल्लांवरून एवढं...”

“तीन होती! तुला मोजताही आली नाहीत?”

संध्याकाळी लेक एकटीच आली. फोरमन अंगणात येरझाऱ्या घालत होते. तिला बघून त्यांचा आवाज आणखी चढला. नवरा निवडायची अक्कल, हातातल्या कॅमेऱ्याची मस्ती, असं काय काय तोंडाला येईल ते बोलले. लेकीने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “फांदी त्यांनी नाही बांधली. मी बांधली.”

फोरमन थांबले.

“त्यांनी दोरा मागितला, मी तुमच्या डब्यातला दिला. गाठ मारता येईना, म्हणून मीच मारली. सोडायची मी विसरले. चुकलं माझं. सकाळपासून मलाही जेवण गेलं नाहीये.”

“मग तोंड वर करून काय सांगतेस? तुला लाज...”

“थांबा.” तिने हात वर केला. आजवर बापासमोर तिने असा हात केला नव्हता. “आता मी बोलणार. तुम्ही रात्रपाळी करून यायचात आणि दिवसा झोपायचात. आम्ही घरात चवड्यांवर चालायचो. मी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होते, त्याचा धपधप आवाज येतो म्हणून तुम्ही झोपेतून उठून आलात आणि माझी दोरी कात्रीने कापलीत. तुकडे तुकडे केलेत. माझ्या मैत्रिणींसमोर. त्या परत कधी आपल्या घरी आल्या नाहीत.”

“विषय काय चाललाय आणि तू...”

“विषय हाच आहे! पाखरं उडतील म्हणून तुम्ही शिंक दाबता. आई मला कौतुकाने सांगते. मला कौतुक नाही वाटत, बाबा. माझ्या अंगाची आग होते. एवढं गप्प बसता येत होतं तुम्हाला? मग आमच्या वेळी काय झालं होतं?”

ती गेली. दार आपटून गेली. त्या घरात दार आपटायचा हक्क आजवर एकाच माणसाचा होता.

फोरमन बायकोकडे वळले. तिने समजूत काढावी अशी त्यांची अपेक्षा असावी. ती म्हणाली, “खोटं काय बोलली ती?” आणि आत जाऊन दिवा लावला.

पुढचे कितीतरी दिवस फोरमनना सुई ओवता आली नाही. जावयावरचा राग होताच, लेकीवरचा होता, आणि आता त्यात तिसऱ्या एका रागाची भर पडली होती. तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. एकदा अख्खं ताट हातातून निसटलं. मणी अंगणभर उधळले, फरशीच्या फटींत गेले. त्यांनी ते गोळा केले नाहीत.

अशातच जावयाच्या मंडळाचं प्रदर्शन भरलं. शेजारणीचा दीर तिथे जाऊन आला आणि भाबडेपणाने म्हणाला, “फोरमन, तुमच्या परसातल्या पक्ष्याला पहिलं बक्षीस मिळालं की!”

फोरमननी सदरा चढवला आणि निघाले. बायको मागून धावतच आली.

हॉलमध्ये समोरच तो फोटो होता. तीन उघड्या लालभडक चोची, आणि वर अळी घेऊन वाकलेली मादी. फोटो सुरेख होता, हेच फोरमनना सगळ्यात जास्त लागलं. खाली नाव दिलं होतं, ‘वात्सल्य’. ते त्यांनी दोनदा वाचलं.

“कुणी ठेवलं हे नाव?”

अख्खा हॉल वळला. जावई कोपऱ्यात चहाचा कप घेऊन उभा होता, तो जागीच थिजला. मंडळाचे अध्यक्ष, पेशाने दातांचे डॉक्टर, लगबगीने पुढे आले. “काका, जरा आवाज... आपण बाहेर बोलू या का?”

“बाहेर कशाला? सगळ्यांनी बघितलंय ना हे? मग सगळ्यांनी ऐका. ह्या घरट्यावर पान होतं. ह्यांनी ते कापलं. ऊन आत यावं म्हणून फांदी वाकवून बांधली आणि घरी निघून गेले. ही तिन्ही मेलीत. उन्हात भाजून मेलीत. तुमच्या ह्या वात्सल्यानंतर!”

“ह्याला पुरावा काय?” कुणीतरी म्हणालं. जावई म्हणाला, “आमचे सासरे जरा तापट आहेत...”

“फांदी मी बांधली होती.”

लेक खुर्च्यांच्या रांगेतून पुढे आली होती. “ते म्हणतात ते खरं आहे. दोरा मीच दिला. हे तिघं जण फोटो काढत होते, आणि मादी भिंतीवर ओरडत होती. मी बघत होते सगळं.”

“तू काय बोलतेयस, कळतंय का तुला?” जावई दबक्या आवाजात म्हणाला.

“कळतंय.”

अध्यक्षांनी ‘प्रथम क्रमांक’ची पट्टी तेवढी काढून खिशात टाकली. फोटो मात्र प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच होता. पुढे मंडळाने घरट्यांचे फोटो घ्यायचे नाहीत असं ठरवलं म्हणतात. जावयाने मंडळ सोडलं आणि सासुरवाडीची पायरीही. घरच्यांनीच पाय ओढले, असं तो अजून सांगत फिरतो.

पुढच्या रविवारी लेक आली. फोरमन उठून उभे राहिले.

“मी तुमच्यासाठी नाही बोलले तिथे,” ती दारातूनच म्हणाली. “माझा तुमच्यावरचा राग आहे तसाच आहे.”

“असू दे. बस.”

ती बसली. मग फोरमन म्हणाले, “ते दोरीचं... खूप आठवून बघितलं. मला आठवत नाही गं.”

“आठवत नाही!” ती ताडकन उठली. “मला तो कात्रीचा आवाजसुद्धा आठवतो, आणि तुम्हाला आठवत नाही. वा!”

ह्या खेपेला फोरमन ओरडले नाहीत. मान खाली घालून एवढंच म्हणाले, “तू सांग. मी ऐकतो.”

तेव्हापासून ती दर रविवारी येते आणि सांगते. फेकलेली पुस्तकं, रेडिओ, सहलीला न पाठवल्याची गोष्ट. फोरमन ऐकतात. कधीकधी ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावरची शीर तटतटून वर येते, कारण प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडेही एक बाजू असते. मग ते उठून पाण्याची कुंडी घासत बसतात. शिंपी काही त्या मोसमात परत आला नाही. बुलबुल येतात, पण लेकीचा आवाज चढला की उडून जातात, आणि फोरमन दात आवळून ते बघतात.

परवा त्यांनी मण्यांचा नवा पट्टा ओवायला घेतला होता. लेक शेजारी येऊन बसली, ग्राफपेपरकडे बघितलं, आणि न विचारता सुईवरची पाच-सहा मण्यांची ओळ ओढून काढली.

“हात लावू नकोस!” फोरमन कडाडले. चिमण्या भुर्रकन उडाल्या.

ती हलली नाही. “रांग चुकलीये तुमची. हिरवा इथे नाही, पुढच्या घरात आहे. आणि ओरडा हवं तेवढं. मी आता उठणार नाहीये.”

फोरमननी कागद डोळ्यांजवळ नेला. चूक खरंच होती. त्यांनी रागारागाने चष्मा पुसला, ताट तिच्याकडे थोडं सरकवलं आणि म्हणाले, “मग ओव नीट. आणि दोरा एवढा ओढू नकोस, तुटेल.”

“मला येतं,” ती म्हणाली.