दुसरी लाईन

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या टायपिंग क्लासचं मी इंटरनेट केंद्र केलं, तेव्हा ब्रॉडबँड गावात नुकतंच आलं होतं. टेलिफोनच्या तारेतून येणारं ते कनेक्शन दिवसातून दोनचारदा तरी पडायचं. मुलं अर्ज भरायला यायची, अर्धा अर्ज भरून व्हायचा आणि पडदा पांढराफटक. शेवटी ठरवलं, सगळ्या मशीनना नेट पुरवणाऱ्या एकाच सर्व्हरवर दोन कनेक्शनं घ्यायची. एक गेलं तर दुसऱ्यावर काम चालू.

दुसरं कनेक्शन देणारा कबनूरचा होता. घरचे यंत्रमाग सोडून केबलच्या धंद्यात शिरलेला, माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान. त्यानं आमच्या गच्चीवर ताटाएवढी डिश बसवली आणि तिचं तोंड लांबच्या टॉवरकडे केलं.

"ताई, ह्याचा आन् टेलिफोनच्या तारंचा काय बी संबंध न्हाय. रस्ता सगळा खणला तरी तुमचं नेट चालतंय बघा."

दोन तारा सर्व्हरला जोडल्या की झालं, असं मला वाटलं होतं. पण सर्व्हर एक मागणी या वाटेनं पाठवायचा आणि पुढची त्या वाटेनं. प्रत्येक लाईनचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता वेगळा, त्यामुळं एकच मुलगा घडीघडीला वेगळ्या पत्त्यावरून बोलतोय असं वेबसाइटला वाटायचं आणि ती त्याला बाहेर काढायची. तीन रविवार आम्ही दोघं त्यापुढं बसलो. सगळं काम टेलिफोनच्या लाईनवर ठेवायचं, ती जिवंत आहे का हे सर्व्हरनं दर मिनिटाला बघायचं आणि नसेल तरच दुसरीकडं वळायचं, असा नियम अखेर जमला. मी टेलिफोनची तार उपसली. मिनिटभरानं पान उघडलं. तो खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागला. मला सख्खा भाऊ नाही. त्या वर्षी मी त्याला राखी बांधली.

दीड वर्ष सुरळीत गेलं. एकदा सकाळी सर्व्हर बघताना दुसऱ्या लाईनचा पत्ता बदललेला दिसला. आकडे पहिल्या लाईनच्या आकड्यांसारखेच वाटत होते. मी त्याला फोन केला.

"कंपनीनं नंबर बदलल्यात, ताई. सगळ्यांचंच बदलल्यात."

लाईन कुठून कुठून जाते, ते एक आज्ञा दिली की पडद्यावर उतरतं. दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही. त्यानं सांगितलं होतं, तेवढं मला पुरे होतं.

पुढच्या उन्हाळ्यात इंजिनिअरिंग प्रवेशाचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी पाचला वेबसाइट बंद होणार होती. केंद्रात नऊ मुलं आणि त्यांचे पालक होते. त्यांतली एक मुलगी कागलहून वडिलांबरोबर आली होती. ते साखर कारखान्यात कामाला. दारातच म्हणाले, "गावात बी नेट हाय की, म्याडम. पर तुमच्याकडं दोन लायनी हायत म्हणून इथवर आलोय."

तीनच्या सुमाराला कोपऱ्यावर ड्रेनेजसाठी खणणाऱ्या यंत्रानं टेलिफोनची केबल तोडली. मी शांत होते. "मिनिटभर थांबा, आपोआप वळतंय," म्हटलं. मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. दुसरी लाईनही मेलेली. त्याला फोन लावला, त्यानं उचलला नाही. वाऱ्यानं डिश हलली असेल म्हणून मी गच्चीवर धावले.

डिश जागेवर होती. तिची तार मात्र हातभर अंतरावर कापलेली, टोकाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. पिशवी उन्हानं चुरा व्हायला आली होती. माझ्या केंद्रात उतरणारी तार वेगळ्याच दिशेनं आली होती. तिचा माग काढत खाली गेले, तर ती शेजारच्या इमारतीतल्या शिलाई मशीनच्या दुकानात शिरली होती. दुकानाच्या पोटमाळ्यावर माझ्याकडं होता तसलाच टेलिफोनचा मोडेम होता आणि त्याचा दिवाही विझलेला होता. दुकानदार म्हणाले, "गेल्या दिवाळीत बसवलाय की त्या केबलवाल्यानं. तुमाला ठावं न्हाय?"

दोन्ही लाईनी त्या एकाच तुटलेल्या केबलवर होत्या, पण विचार करत बसायला वेळ नव्हता. राजारामपुरीतल्या एका कॅफेत नेट चालू असल्याचं कळलं. पाच-सहा रिक्षांत सगळ्यांना घालून तिकडं गेलो. तिथं आधीच रांग. दोन मशीन कशीबशी मिळाली. कागलच्या मुलीची कॉलेजांची यादी सगळ्यात मोठी होती, म्हणून तिला म्हटलं, "तुझा मी स्वतः भरते, शेवटी." आठ अर्ज गेले. तिच्या यादीतली चार कॉलेजं राहिली असताना पाच वाजले आणि पान बंद झालं.

मुलगी रडली नाही. तिनं कागद पिशवीत नीट घडी घालून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कबनूरचा तो आला. मी गच्चीचं नाव काढताच त्यानं मान खाली घातली.

"टॉवरवाल्यानं धंदा गुंडाळला, ताई. मग काय करणार? पर इतक्या महिन्यात तुमचं कधी अडलं का?"

"मला सांगायचंस की."

"सांगितलं असतं तर तुमी लाईन सोडली असती."

"नंबर का बदलले म्हणून विचारलं, तेव्हा?"

त्यानं हातातली किल्ली खिशात घातली. मग म्हणाला, "दोनी एकदम जातील आसं वाटलं न्हवतं." त्याला त्यात खोटं असं फारसं काही दिसतच नव्हतं. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. मी त्याला तार काढून न्यायला सांगितलं. त्यानं ती गुंडाळली आणि पायरीवर क्षणभर थांबून गेला.

आठवड्यानं मी त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना घेऊन पुण्याच्या प्रवेश कार्यालयात गेले, विनंतीअर्ज दिला. टेबलामागच्या बाईंनी तो वाचला आणि विचारलं, "पर्यायी व्यवस्था नव्हती का तुमच्या केंद्रात?"

'होती' म्हणायला मी तोंड उघडलं. मुलीचे वडील माझ्याकडं बघत होते.

"नव्हती," मी म्हटलं.

अर्ज नामंजूर झाला. त्या वर्षी तिनं कोल्हापुरातच बीएस्सीला नाव घातलं.