मिसबाईंना न कळलेला नकार

प्रश्न विचारला की मिसबाई कमरेचं घड्याळ काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "हो की नाही? मला एकच शब्द पाहिजे." नाशिकला आमच्या मुलींच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या. विलायतेहून येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, मराठी शुद्ध बोलत. मुलांनो, माझं इंग्रजी त्यांनीच घडवलं, आणि त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी मॅट्रिक झाले होते आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. मुंबईला शिकण्या-राहण्याची सगळी व्यवस्था मिसबाईंनी केली. फक्त वडिलांचा होकार हवा होता. त्यासाठी त्या स्वतः घरी आल्या. आप्पांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"मुलीला मुंबईला पाठवणार? हो की नाही?"

"आपले पाय घराला लागले, आमचं भाग्य," आप्पा म्हणाले. "बघू या. घरात विचारतो. पोर आता तुमचीच आहे."

मग ते त्यांना टांग्यापर्यंत पोचवायला गेले. आत्या आत भाजी निवडत होती. "संपलं गं तुझं," ती म्हणाली. "दादा टांग्यापर्यंत गेला." आप्पा जितके गोड बोलत तितका नकार पक्का, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिसबाईंकडे द्राक्षांची करंडी पाठवली. झालं, शिक्काच बसला.

मिसबाईंनी ती द्राक्षं आनंदाने शाळेत वाटली. "तुझे वडील फार सज्जन आहेत. म्हणाले, पोर तुमचीच आहे!" आणि माझी जागा राखून ठेवा म्हणून मुंबईला पत्र टाकलं.

बापाने तोंडाने न दिलेला नकार मी परक्या बाईला कसा सांगणार? महिनाभर त्या आप्पांच्या निरोपाची वाट पाहत बसल्या. मुदत टळली, जागा दुसऱ्या मुलीला गेली. तेव्हा मला बोलावून त्या ओरडल्या, "तुझे वडील खोटं बोलले!"

घरी आप्पा म्हणाले, "खोटं? मी हो म्हटलं होतं का? वीस वर्षं इथलं पाणी पिऊन बाईला एवढं कळू नये?"

आपलं काही चुकलं असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. आप्पा तोंडावर नाही म्हणाले असते तर मिसबाई भांडल्या असत्या, मी उपाशी बसले असते, आत्याने घर डोक्यावर घेतलं असतं. उच्चारलेलाच नाही त्या नकाराशी भांडायचं कसं? त्या गोड बोलण्याची मला आजही चीड येते.

काही वर्षांनी मिसबाई कायमच्या परत निघाल्या. तोवर माझं लग्न झालं होतं. मी नाशिकरोड स्टेशनवर गेले. त्यांनी घड्याळ काढून तळहातावर धरलं.

"तू माझ्यावर रागावली आहेस? हो की नाही?"

"छे, भलतंच काय मिसबाई! तुमचे केवढे उपकार," मी म्हणाले आणि द्राक्षांची करंडी त्यांच्या हातात दिली.

त्या समाधानाने हसल्या. गाडी सुटली.

दर वर्षी तुमचं पत्र येतं, "आजी, यंदा नाही आलो तर चालेल ना?" मी लिहिते, "तुमच्या सोयीनं या." माझी पत्रं मिसबाईंसारखी वाचू नका. चालत नाही.