पळून न गेलेले नाना

मंगळवारी सकाळी पोलिसांनी नानांना जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या घरातून नेलं. मी वरच्या मजल्यावर राहत असे. खाली आले तेव्हा काकू दारात उभ्या होत्या.

नानांना बसून बोलता येत नसे. चहाचा कप घेऊन ते खिडकी ते दार, दार ते खिडकी फिरत राहायचे. काकू म्हणायच्या, "अहो, बसा जरा." "बसलं की डोकं थांबतं माझं," हे ठरलेलं उत्तर.

आरोप होता, कंपनीतल्या एका पंपाचे नकाशे सरकारी परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवल्याचा. नाना म्हणत, "नकाशे माझे, पाठवणारा मी नव्हे." खटल्याला अवकाश होता, पण ते भारतात पळून जातील म्हणून तोवर कोठडी. याला आधार काय, तर हॉलमधली बॅग.

त्या बॅगेला आम्ही सगळे हसायचो. पुण्याला जायचं डिसेंबरात, पण ती जानेवारीपासूनच उघडी. सेलमध्ये दिसेल ते तिच्यात पडे: चॉकलेटं, भाचीचे बूट, मेहुण्याचं दाढीचं यंत्र. एप्रिलमध्ये पोलिसांना ती अर्धी भरलेली दिसली.

तुरुंगात भेटायला गेले, तर नाना तिथेही उभेच. "अगं, चालायला लागलो की भिंतच येते. पुण्याला आईला कळवलं नाही ना?"

कोठडीविरुद्ध वकीलबाईंनी अर्ज केला आणि मला साक्षीला बोलावलं. न्यायाधीशांनी विचारलं, "आल्झो, म्हणजे इतके महिने आधी सामान कोण भरतं?"

"आमच्याकडे सगळेच," मी म्हटलं आणि कोणती वस्तू कुणासाठी ते सांगू लागले. मामेबहिणीच्या सासूबाईंपर्यंत पोचले तेव्हा न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला. तेवढ्यात नाना उठले. वकीलबाईंनी कोट ओढला तरी बसेनात.

"साहेब, त्यात माझा एक सदरा तरी सापडला का? पळणारा माणूस मेहुण्याचं दाढीचं यंत्र घेऊन पळतो?"

पासपोर्ट जमा करून, पोलीस ठाण्यात हजेरी लावायच्या अटीवर नाना सुटले. त्या हिवाळ्यात पुण्यात त्यांची आई गेली. जाण्याची परवानगी मागायला वकीलबाई तयार होत्या. "नको," नाना म्हणाले. "पुन्हा कुणी मला पळपुटा म्हणायला नको." दिवसभर ते चालत राहिले. काकूंनी बसायला सांगितलं नाही.

खटला सुरू होण्याआधीच नाना हृदयविकाराने गेले. आरोपी मेला की इथे खटलाही बंद होतो. ते नकाशे नानांनी पाठवले नव्हते, हे आता कोणतंही न्यायालय सांगणार नाही. काकू सांगतात, मी सांगते. तेवढंच उरलं आहे.