सुप्रभाताईंच्या लोकरीच्या पट्ट्या

आइस हॉकीच्या मॅचला जायचं आणि त्या काळ्या चकतीकडे ढुंकूनही बघायचं नाही, असा खाक्या असलेली एकच बाई आख्ख्या मँचेस्टरात होती. आमच्या सुप्रभाताई. मूळच्या नागपूरच्या, म्हणजे बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. अडुसष्ट साली फिजिओथेरपिस्ट म्हणून इथल्या हॉस्पिटलात आल्या, तीस वर्षं लोकांचे आखडलेले गुडघे वाकवले, आणि रिटायर झाल्यावर जरा स्वस्थ बसावं की नाही? छे! दर रविवारी सकाळी थर्मास, उशी आणि विणकामाची पिशवी घेऊन बाई रिंकवर हजर. उशी कशाला, असं विचारू नका. त्या बाकावर पाच मिनिटं बसून बघा, मग कळेल.

हा नाद लागला एका पेशंटमुळे. गुडघा बरा झालेला पोरगा पुन्हा कसा स्केटिंग करतोय ते बघायला त्या गेल्या होत्या. बघायचं होतं त्याला, पण नजर गेली भलत्याच मुलाकडे. मॅच संपल्यावर त्यांनी कोच बॅरीला गाठलं.

"तो सात नंबरचा मुलगा चकती यायच्या आधी दर वेळी मान वळवून मागे का बघतो?"

बॅरी त्यांच्याकडे बघतच राहिला. वीस वर्षं रिंकवर काढलेला माणूस, पण हा प्रश्न आजवर एकाही आईबापाने त्याला विचारला नव्हता. सगळे विचारायचे, आमच्याने गोल किती केले. तो म्हणाला, "मागून कोण येतंय ते आधी बघून ठेवलं, की चकती आल्यावर विचार करायला थांबावं लागत नाही. पुढे प्रोफेशनल होणारी पोरं मला त्यावरूनच ओळखता येतात."

"मग सगळ्यांना शिकवा की."

"सगळ्यांनाच शिकवतो. करतात दोघं-तिघं."

"का?"

"ते मला कळलं असतं तर सगळीच पोरं प्रोफेशनल झाली असती," बॅरी म्हणाला. झालं! सुप्रभाताईंच्या डोक्यात तो 'का' जाऊन बसला तो बसलाच.

थंडीत पेन चालत नाही, वहीत बघायला मान खाली घालावी तर तेवढ्यात मुलगा तिसरीकडे. मग त्यांनी स्वतःचीच युक्ती काढली. विणकाम काय, हात आपोआप करतात. एका मुलावर नजर ठेवायची. त्याच्याकडे चकती आली की एक टाका. आधी मान वळवून बघितलं असेल तर उठून दिसणारा टाका, नसेल तर साधा. दहा टाक्यांची ओळ, प्रत्येक मुलाची वेगळी पट्टी, वेगळा रंग. सीझन संपला की बॅरी त्या पट्ट्यांवरून डोळे मिटून अंगठा फिरवायचा. जिथे अंगठ्याला खडबडीत लागेल, त्या मुलाचं नाव तो मोठ्या क्लबांना कळवायचा. सात वर्षांत त्यातली दोन पोरं खरोखर प्रोफेशनल झाली. बाईंना एक पैसा मिळत नव्हता आणि त्यांची तक्रारही नव्हती. एवढ्या लहान वयात एखाद्याला मागे वळून बघायचं सुचतं कसं, हे कोडं सुटेपर्यंत त्या उठणार नव्हत्या.

आणि एवढ्या चौकस बाईच्या नजरेतून एक मुलगा मात्र सुटला. सुटला कसला, त्यांनीच सोडला. अंबरीश.

अंबरीश हा त्यांच्या मैत्रिणीचा, मीनाक्षीचा मुलगा. मीनाक्षी हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर, मंडळाच्या गणपतीत सुप्रभाताईंच्या शेजारी बसून मोदकांच्या कळ्या पाडणारी. तीन वर्षांपूर्वी ती सहज म्हणाली होती, "सुप्रभाताई, आमच्याकडेही बघा ना जरा." सुप्रभाताई फाडकन म्हणाल्या, "हे ओळखीपाळखीचं काम नाही हं, मीनाक्षी." बिचारीने पुन्हा विषय काढला नाही.

त्याच्यामागे एक जुनी सल होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी श्यामला नावाच्या एका हुशार मुलीचं नाव वरच्या जागेसाठी सुचवलं होतं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी ऐकू जाईल असं बोललं, "आपल्याच माणसांना आत ओढतेय." श्यामलाला जागा मिळाली, तिने कामही चोख केलं, पण सुप्रभाताईंच्या मनातून ते वाक्य काही गेलं नाही. तेव्हापासून आपलं माणूस समोर आलं की बाई नजर फिरवायच्या, आणि त्याला निःपक्षपातीपणा म्हणायच्या. काय बोलणार!

दोन हजार सहाचा मार्च उजाडला. कॅनडातल्या एका क्लबने उन्हाळ्याच्या ट्रायल कॅम्पसाठी बॅरीकडे एक नाव मागितलं. एकच. सोळा पूर्ण झाले की संधी गेली. बॅरीच्या डोक्यात दोन नावं होती: कॅलम नावाच्या मुलाला अजून एक वर्ष होतं, अंबरीशचं हे शेवटचं. नाव सोमवारी कळवायचं होतं. बॅरीने टेबलावर पट्ट्या मांडल्या.

"कॅलमची ही. अंबरीशची कुठाय?"

"नाही विणली."

"एकही मॅच नाही? तीन वर्षांत?"

"तो ओळखीतला आहे."

"मग? मी काय लग्न लावतोय त्याचं?" बॅरी चिडला. "गोल तो ढीगभर करतो, पण गोलांवर मी कुणाला पाठवत नाही, तुला माहितीये. पट्टी नसेल तर कॅलमचं नाव जाईल. रविवारची एक मॅच उरली आहे. बघ काय ते."

सुप्रभाताई घरी आल्या, चहा ठेवला आणि तो उतू गेला तरी ओट्याशी तशाच उभ्या राहिल्या. आपल्या हट्टापायी पोराचं कायमचं नुकसान होणार, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

रविवारी त्यांनी निळी लोकर काढली. बाक तोच, गोलच्या मागच्या कोपऱ्यातला. अंबरीश बर्फावर उतरला आणि भीतीने त्यांचा पहिला टाका सुटलाच. तो पुन्हा घातला. चकती आली. त्याआधी पोराने मान वळवली होती, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. उठावाचा टाका. पुन्हा चकती, पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या टाक्याला बाई भीती विसरल्या आणि नुसत्या बघत सुटल्या. अरे, हा तर स्वतः बाजूला सरकून मागच्या मुलासाठी वाट मोकळी ठेवतोय! हे कधी शिकला? कुणी शिकवलं? तीन वर्षं हे माझ्या नाकासमोर चाललं होतं?

मॅच संपली तेव्हा एक्केचाळीस टाके झाले होते, त्यात साधे फक्त पाच. कॅलमचं असं एकदाही झालं नव्हतं. बॅरीने अंगठा फिरवला, खिशातून कागद काढला आणि अंबरीशचं नाव लिहिलं. सुप्रभाताईंना आनंद झाला आणि त्याहून जास्त लाज वाटली.

बाहेर अंबरीश आपली भलीमोठी बॅग ओढत आईबरोबर निघाला होता. सुप्रभाताईंनी त्याला थांबवून बातमी सांगितली. मीनाक्षीने तोंडावर हात घेतला आणि तिथेच रडायला लागली. मग सुप्रभाताई म्हणाल्या, "अंबरीश, माझं चुकलं रे. तीन वर्षं मी तुझ्याकडे बघितलंच नाही."

इथेच जन्मलेलं पोर ते. त्याचं मराठी जरा लंगडतच चालायचं. "आय नो, मावशी," तो म्हणाला. "मी मागे बघतो ना, तेव्हा तुम्ही दिसता. सगळ्यांच्या वेळेला तुमचा सुया चालतो. मी आला की थांबतो. मला वाटला, माझा गेम बॅड आहे. म्हणून मी अजून जास्त बघायला लागला."

सात वर्षं छळणाऱ्या 'का'चं एक उत्तर सुप्रभाताईंना मिळालं होतं, आणि ते असं मिळायला नको होतं. त्यांनी निळी पट्टी त्याच्या हातात ठेवली. जेमतेम दोन बोटं उंचीची. कॅलमची कोपरापर्यंत यायची, ते त्याने पाहिलेलं होतं.

"एवढीच?" त्याने विचारलं.

"एवढीच, बाळा," त्या म्हणाल्या. "बाकीची माझ्याकडून विणायची राहिली."